रोज चालूनही पोट तिथेच? मग आधी व्यायाम वाढवू नका

गोव्यात मिरामारला, कांपालच्या फुटपाथवर, फर्मागुडीच्या पठारावर सकाळी सहाच्या सुमारास दिसणारे चेहरे बहुतेक ठरलेले असतात. वर्षानुवर्षं न चुकता चालणारी ही माणसं. त्यांना आळशी म्हणायची कुणाची छाती होणार नाही. तरी त्यांतल्या कितीतरी जणांच्या शर्टाची खालची दोन बटणं ताणलेलीच असतात, आणि बायकांची तक्रार असते ती मांड्यांची आणि दंडांची. मग एक दिवस ठरतं, चालणं पाऊण तासावरून सव्वा तासावर न्यायचं. काही महिन्यांनी गुडघा कुरकुरायला लागतो. पोट जिथल्या तिथे.

व्यायाम आपलं काम करतोच. पण ताटाचं, झोपेचं आणि दिवसभर खुर्चीत बसण्याचं काम त्याच्या एकट्याच्या गळ्यात घातलं की तो पुरा पडत नाही. म्हणून इथे सांगितलेला क्रम उलटा वाटेल: आधी मोजणं, मग ताट, मग वजनं उचलणं आणि चालणं वाढवायचंच असेल तर सगळ्यात शेवटी. चार महिने हाताशी ठेवा. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधी पंधरा दिवसांत पोट कमी करायचं असेल तर हा लेख तुमच्या उपयोगाचा नाही.

पहिले दोन आठवडे काहीही बदलू नका

शिंप्याकडे असतो तसला साधा टेप घ्या. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, उघड्या अंगावर मोजायचं. शेवटच्या बरगडीची खालची कड आणि कमरेच्या हाडाची वरची कड, या दोहोंच्या मधोमध टेप धरा, श्वास सहज सोडा आणि आकडा वाचा. पोट आत ओढून मोजलंत तर फसवणूक तुमचीच. पँटचा नंबर म्हणजे कमरेचं माप नव्हे, कारण सुटलेल्या पोटाची पँट त्याच्या खाली घसरून बसते. चौतीसची पँट घालणाऱ्या पुरुषाची कंबर टेपवर ९८ सेंटीमीटर निघाली तर नवल वाटायला नको. आपल्याकडे धोक्याची खूण पुरुषांसाठी ९० आणि बायकांसाठी ८० सेंटीमीटर धरतात. हे लक्षात राहत नसेल तर आपल्या उंचीच्या निम्म्याहून कंबर कमी हवी, एवढं पुरे.

वजनाचा काटा वापरा, पण त्याच्या एकट्याच्या साक्षीवर निकाल देऊ नका. आपल्या लोकांच्या बाबतीत काटा किती चकवतो याचा नामी दाखला पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी स्वतःच्याच शरीराने दिला. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांनी आपल्या दोघांचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) सारखाच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. म्हणजे हडकुळ्या दिसणाऱ्या भारतीयातही चरबी दडलेली असू शकते. भारतीयांसाठी बीएमआय २३ च्या पुढे गेला की वजन जास्त धरतात, जगभरासारखी २५ ची वाट पाहत नाहीत, त्याचं कारण हेच.

वजन आठवड्यातून चार-पाच वेळा करा आणि सरासरी लिहून ठेवा. एका दिवसाच्या आकड्यात पाणी असतं, मीठ असतं, कालचं जेवण असतं. आदल्या रात्री सुक्या बांगड्याचं किसमूर आणि पेज झाली असेल तर सकाळी काटा किलोभर वर जाईल, ते खारट माशाने धरून ठेवलेलं पाणी. बायकांचं वजन पाळीच्या आधी एक-दोन किलोंनी सहज चढतं, म्हणून त्यांनी या महिन्याचा आकडा मागच्या महिन्यातल्या त्याच दिवसांशी ताडून पाहावा. नाहीतर चांगलं चाललेलं काम उगाच मधेच सुटतं.

याच दोन आठवड्यांत एक वही करा आणि तोंडात गेलेली प्रत्येक गोष्ट लिहा. हुमणाचं (माशाच्या कडीचं) मीठ पाहताना चाखलेला चमचा, नातवाने टाकलेला अर्धा पाव, ऑफिसात कुणाच्या वाढदिवसाचा केक, दुकानात आग्रहाने मिळालेला चहा, सगळं. लिहायचं ते खाल्ल्या खाल्ल्या, कारण रात्री आठवून लिहिलेली वही नेहमी उपाशी माणसाची निघते. फोनमधला पावलांचा आकडाही रोज टिपून ठेवा. तो पुढे लागणार आहे.

‘तिथली’च चरबी का हटत नाही

घामाचा आणि चरबीचा संबंध नाही, हे आधी डोक्यातून काढून टाकू. गोव्याच्या दमट हवेत मे महिन्यात नुसतं उभं राहिलं तरी बनियन भिजतं. चरबी वापरली जाते तेव्हा तिचा बहुतेक भाग कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडतो. १० किलो चरबी पूर्ण खर्ची पडली तर ८.४ किलो श्वासातून आणि १.६ किलो पाण्याच्या रूपाने जाते, असा हिशेब २०१४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडला गेला. पोटाला गुंडाळायचे गरम पट्टे आणि घाम काढणारी प्लॅस्टिकची जाकिटं पाणी कमी करतात. दोन ग्लास पाणी प्यायलात की ते परत येतं.

एका जागेची चरबी त्या जागेच्या व्यायामाने जात नाही. शंभर क्रंचेसनी पोटाचे स्नायू बळकट होतील, त्यांच्यावरची गादी तशीच राहील. शरीर इंधन लागलं की सगळीकडून थोडं थोडं काढतं, आणि कुठून आधी काढायचं ते हार्मोन आणि आनुवंशिकता ठरवतात. चरबीच्या पेशींवर अॅड्रेनलिनला प्रतिसाद देणारी दोन तऱ्हेची केंद्रं असतात. बीटा जातीची चरबी मोकळी करायला लावतात, अल्फा-२ जातीची ती रोखून धरतात. बायकांच्या नितंबांवर आणि मांड्यांवर ही दुसरी जात जास्त. पुरुषांच्या बेंबीखाली आणि कमरेच्या बाजूंना साठलेली चरबीही अशीच चिवट, शिवाय तिथला रक्तपुरवठा कमी. त्यामुळे ती शेवटी हलते.

यातून दोन गोष्टी निघतात, आणि त्या माहीत नसल्यामुळे बरेच जण मधेच सोडतात. पहिली म्हणजे आधी चेहरा, मान, छाती उतरते. मग देवळात भेटलेली काकू म्हणते, “किती वाळलास रे, बरं नाही का तुला?” घरचे धास्तावतात, ताटात भाताचा डाव जास्त पडतो, आणि पोटाची पाळी यायच्या आधीच सगळं थांबतं. दुसरी गोष्ट अशी की आतड्यांभोवतीची खोल चरबी, जी मधुमेहाला आणि हृदयाला खरी नडते, ती तुलनेने लवकर कमी होते. म्हणून वरची वळी तशीच दिसत असताना टेपवरचा आकडा आणि रक्तातली साखर मात्र सुधारलेली असू शकते. आरशापेक्षा टेपवर भरवसा ठेवा.

चालण्याचा खरा हिशेब

७० किलो वजनाचा माणूस सपाट रस्त्यावर ५ किलोमीटर चालला, तर बसून राहिला असता त्यापेक्षा जास्तीच्या साधारण १७५ ते २०० कॅलरी खर्च होतात. चालणं संपवून मित्रमंडळी हॉटेलात शिरते. पातळ भाजीची बशी, दोन पाव, वाटून घेतलेली मिरची भजी, साखर घातलेला चहा. एका पावाच्याच सव्वाशे कॅलरी धरा. हे सगळं मिळून पाचशे-सहाशेच्या घरात जातं, आणि मनात भावना अशी की आज चाललोय, एवढं चालतंच.

त्यात शरीरही आपल्या परीने खर्च आवरतं. सकाळी दमलेला माणूस दुपारी नकळत जास्त बसतो, जिना टाळतो, भूकही वाढलेली असते. मानवशास्त्रज्ञ हर्मन पाँट्झर यांनी टांझानियातल्या हाडझा या शिकारी जमातीचा दिवसभराचा ऊर्जेचा खर्च मोजला. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिवसभर रानात हिंडणाऱ्या त्या लोकांचा खर्च, शरीराच्या आकाराचा फरक वगळला तर, शहरी पाश्चात्त्य माणसाच्या जवळपासच निघाला. तेव्हा चालण्याचा वेळ दुप्पट केला तर खर्च दुप्पट होईल, हे गणित कागदावरच राहतं.

चालणं सोडा असं मी म्हणत नाही. रक्तदाब, साखर, झोप, मन, सगळ्यांना ते हवंच. मात्र कंबर कमी करण्याचं मुख्य काम ताटावर सोपवावं लागतं.

ताट: इथे वेळ द्या

एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. रोज ४०० कॅलरींची तूट राखली तर आठवड्याला पावकिलोच्या वर, महिन्याला दीड किलोच्या आसपास चरबी जाते. यापेक्षा घाई केली की स्नायूही झिजतात आणि माणूस खायला धावतो. या ४०० कुठून काढायच्या, ते तुमची वही सांगेल. प्रत्येकाची गळती निराळी असते. तरी गोव्यातल्या घरांत जे पुन्हा पुन्हा सापडतं ते असं.

भात. उकड्या तांदळाने वजन वाढत नाही, हा आपल्याकडचा लाडका समज. साध्या पांढऱ्या भातापेक्षा तो रक्तात साखर थोडी सावकाश सोडतो, पण शिजवलेल्या १०० ग्रॅम भातात सव्वाशे-दीडशे कॅलरी दोन्हीकडे असतात. एकदा तुमचं नेहमीचं दुपारचं शीत काट्यावर ठेवून पाहा. साडेतीनशे ग्रॅम निघालं तर साडेचारशे कॅलरी नुसत्या भाताच्या झाल्या. भात बंद करू नका. गोव्याच्या माणसाने भात सोडला की तो तिसऱ्या आठवड्यात दुपटीने परत येतो. दोन वाट्यांवर आणा, आणि रिकामी झालेली जागा माशाने आणि भाजीने भरा. तांबडी भाजी, दुधी, काकडी, कोबी, काहीही.

नारळ. आहारतज्ज्ञांच्या छापील तक्त्यांत नारळाला वैरी ठरवून जागी ओट्स आणि ब्रोकोली बसवलेली असते. असले तक्ते फोंड्याच्या स्वयंपाकघरात आठवडाभरही टिकत नाहीत, आणि टिकावेत असं मला वाटतही नाही. ओल्या खोबऱ्याच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० कॅलरी असतात. अर्ध्या नारळाचं हुमण चौघांनी खाल्लं तर माणशी शंभर-सव्वाशे होतात, त्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते दुपारी हुमण, भाजीवर खोबऱ्याची मूठ, सोलकढी आणि रात्री पुन्हा तोणाक (कडधान्याची नारळातली उसळ), असं एकाच दिवशी जमतं तेव्हा. एका जेवणात एकच नारळाचा पदार्थ, एवढा नियम पाळा. ज्या दिवशी हुमण त्या दिवशी सोलकढीऐवजी नारळाशिवायचं कोकमाचं तिवळ.

तेल. मासा स्वतः निर्दोष, कढई नव्हे. एक मोठा चमचा तेल म्हणजे १२० कॅलरी, आणि रव्यात घोळवलेली तुकडी ते आनंदाने पिते. रेचाद मसाला भरलेला बांगडा तव्यावर दोन चमचे तेलात झाकण ठेवून भाजला तरी तितकाच रंगतो. नीरफणसाची कापं आठवड्यातून एकदा, रोज नको. घरात महिन्याला किती तेल येतं आणि किती माणसं जेवतात ते एकदा भागून पाहा. खरं उत्तर तिथेच मिळतं.

पाव आणि पोई. पोई (गोल, पोकळ पाव) कोंड्याची म्हणून हलकी, असं मानून दोनाच्या तीन होतात. बऱ्याच ठिकाणी कोंडा वरून भुरभुरलेला असतो आणि आतलं पीठ मैद्याचंच. सकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) भोंपू वाजला की किती घ्यायचे ते माणसं मोजून ठरवा. पिशवीत जेवढे येतील तेवढे संपतातच.

आता प्रथिनं, कारण सगळ्यांत मोठी उणीव हीच. चरबी उतरवताना स्नायू वाचवायचे तर वजनाच्या दर किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिनं लागतात. ७० किलोच्या माणसाला ८५ ते ११० ग्रॅम. (मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरू नका.) नुस्तं (मासे) रोज खाणाऱ्या माणसाला वाटतं, आपल्याला काय कमी. पण वहीत पाहिलं तर ताटात एकच छोटी तुकडी आणि बाकी कडी असते. कडीत प्रथिनं नसतात. असा दिवस जमवून पाहा: सकाळी तीन अंडी, १८ ग्रॅम. दुपारी दोन मध्यम बांगडे, ३० च्या वर. वाटीभर डाळ ६, वाटीभर दही ५. संध्याकाळी शेवेच्या जागी मूठभर भाजलेले चणे, ६. रात्री सव्वाशे ग्रॅम चिकन किंवा कोळंबी, २५. भात-चपातीतले आठ-दहा धरले तर शंभरी गाठली. पेडवे आणि बांगडे स्वस्त असतात तेव्हा इसवणाच्या मागे लागायचं काही कारण नाही.

शिवराक (शाकाहारी) दिवशी मात्र गाडी घसरते. सोमवार, गुरुवार, एकादशी, संकष्टी असे वार पाळणाऱ्या घरांत आठवड्यातले दोन-तीन दिवस प्रथिनं निम्म्यावर येतात आणि तेवढ्याच पटीने भात, पुरी, साबुदाणा वाढतो. त्या दिवसांसाठी वेगळी तजवीज हवी. वाटीभरऐवजी दोन वाट्या अळसांद्यांचं (चवळीच्या जातीच्या कडधान्याचं) किंवा मुगाचं तोणाक घ्या, त्यात वाटण निम्मं. १०० ग्रॅम पनीरमधून १८ ग्रॅम आणि ५० ग्रॅम कोरड्या सोया चंक्समधून पंचवीसेक ग्रॅम प्रथिनं मिळतात. सोया शागोतीच्या मसाल्यात घातला तर घरातली मुलंसुद्धा तक्रार करत नाहीत.

उपवासाचे तास मोजण्याची पद्धत जमत असेल तर करा, नसेल तर सोडा. दिवसभराची बेरीज तीच राहिली तर फार फरक पडत नाही.

शनिवार-रविवार

सोमवार ते शुक्रवार रोज ४०० ची तूट म्हणजे २,००० कॅलरी जमा. शनिवारी संध्याकाळी बिअरच्या दोन मोठ्या बाटल्या, प्रत्येकी अडीचशेच्या वर. समोर काजूची वाटी, त्यातल्या ५० ग्रॅमचे जवळपास तीनशे. तळलेलं चिकन, मग जेवण. रविवारी दुपारी नारळाचं भरगच्च वाटण घातलेली शागोती, वडे, झोप, आणि संध्याकाळी पुन्हा थोडी. दोन हजार तिथेच संपतात. पाच दिवस नेटाने राहिलेला माणूस मग म्हणतो, माझं शरीरच तसं आहे.

काजू फेणीत मद्यार्क ४२.८ टक्के. ६० मिलिलिटरच्या पेल्यात सुमारे १४० कॅलरी, वर लिंबाचं गोड शीतपेय ओतलं तर आणखी शंभरेक. उर्राक (काजूची पहिल्या धारेची दारू) सौम्य खरा, पण एप्रिल-मेमध्ये तो मोठ्या ग्लासांतून आणि हिरवी मिरची चिरून घातलेल्या त्याच गोड पेयासोबत जातो. फेणीने जेवण पचतं, चरबी विरघळते, असं सांगणारे सगळीकडे भेटतात. प्रत्यक्षात मद्यार्क पोटात आहे तोवर शरीर आधी तो जाळतं आणि चरबी बाजूला ठेवतं. पिणारच असाल तर सोड्याबरोबर प्या, आठवड्यातून एकदा, जेवून मग, आणि काजूची वाटी टेबलावर येऊ देऊ नका. न पिणाऱ्यांनी हा परिच्छेद सोडून दिला तरी त्यांच्यासाठी चहा आहेच. दिवसाला पाच कप, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे दीडशेहून जास्त कॅलरी, आणि त्याबरोबरची बिस्किटं निराळी.

वजनं उचला, बायकांनी तर नक्कीच

ताट तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात रुळलं की हे सुरू करा. आठवड्यातले चालण्याचे दोन-तीन दिवस यासाठी मोकळे करायचे. वाढीव वेळ मागायचा नाही. नुसतं कमी खाल्लं की चरबीबरोबर स्नायूही जातो, आणि माणूस बारीक पण सैल दिसतो, ज्याला आपण वाळला म्हणतो तो हाच. स्नायूंना जड काम दिलं की शरीर ते राखून ठेवतं आणि तूट चरबीतून भरून काढतं. (किलोभर स्नायू वाढवला की बसल्या जागी शेकडो कॅलरी जळतात, असं जिममध्ये सांगतात. खरा आकडा दिवसाला दहा-पंधराचा आहे.)

हालचाली मोजक्याच लागतात. बसून उठणं, कमरेतून वाकून उचलणं, ढकलणं, ओढणं आणि वजन हातात घेऊन चालणं. जिम असेल तर स्क्वॉट, डेडलिफ्ट, छातीचा किंवा खांद्याचा प्रेस आणि रोइंग. घरी असाल तर खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस, ओट्यावर हात टेकून पुश-अप, पिशवीत पाच किलो तांदूळ घालून वाकून ती कमरेपर्यंत ओढणं, आणि दोन्ही हातांत पाण्याच्या बादल्या घेऊन अंगणाच्या फेऱ्या. प्रत्येकाचे तीन सेट, एकेका सेटमध्ये ८ ते १२ वेळा. शेवटी आणखी दोनच झाले असते असं वाटलं पाहिजे. तीस झाले असते असं वाटत असेल तर ते वजन तुमच्यासाठी खेळणं आहे.

सगळ्यात महत्त्वाचं, वजन वाढत गेलं पाहिजे. वर्षभर तेच दोन किलोचे डंबेल हलवणारी माणसं प्रत्येक जिममध्ये असतात. वहीत आजचं वजन आणि किती वेळा ते लिहा. बारा सहज जमले की पुढच्या वेळी थोडं वाढवा. सूर्यनमस्कार उत्तमच, पण त्यांत भार वाढवता येत नाही, म्हणून ते याच्या जोडीला ठेवा, बदली नको. वजनांनी बायका पुरुषी दिसतात ही भीती निराधार आहे. टेस्टोस्टेरॉन तितकं नसल्यामुळे तसे स्नायू सहजासहजी होत नाहीत. पाळी थांबण्याच्या वयात चरबी मांड्यांवरून पोटाकडे सरकते आणि हाडं ठिसूळ व्हायला लागतात, तेव्हा याची गरज वाढतेच.

रक्तदाब जास्त असेल, हर्निया असेल, छातीत कधी दुखलं असेल तर आधी डॉक्टर. श्वास कोंडून वजन उचलू नका.

उरलेले तेवीस तास

सकाळी तासभर चालणारा माणूस नंतर कोपऱ्यावरच्या दुकानातही स्कूटरने जातो. गोव्याचा हा खास रोग. पाच मिनिटांवरच्या देवळात जायला किक मारायची, ऑफिसच्या दारात गाडी लावायला जागा मिळावी म्हणून दहा मिनिटं घिरट्या घालायच्या. तुमच्या दोन आठवड्यांच्या वहीत पावलांची सरासरी पाच हजार असेल तर ती सात हजारांवर न्या, मग आठ-नऊवर. ती पावलं दिवसभर विखुरलेली असू द्या. पणजीत काम असेल तर गाडी एकदाच लावून बाजार, बँक, पोस्ट पायी करा. पायांत बळ असेल तर आल्तिनाची चढण आहेच. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललं की साखरही कमी उसळते. दुपारी दुकान बंद ठेवून वामकुक्षी घेणाऱ्यांनी आधी ही फेरी मारावी, मग खुशाल अर्धा तास लवंडावं.

रात्रीची झोप मात्र कापू नका. २०१० साली ‘अॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’मध्ये आलेल्या एका छोट्या प्रयोगात त्याच लोकांना सारख्याच मोजक्या आहारावर दोन आठवडे साडेआठ तास आणि दोन आठवडे साडेपाच तास अंथरुणात राहू दिलं. वजन दोन्ही वेळा सुमारे तीन किलोच उतरलं. भरपूर झोपेत त्यातली १.४ किलो चरबी होती, कमी झोपेत फक्त ०.६ किलो. बाकीचं गेलं ते स्नायूंसारख्या ऊतकांतून. पहाटे पाचला फिरायला उठणाऱ्याने रात्री बारापर्यंत फोन बघितला, तर ते फिरणं स्नायूंच्या पैशाने होतं.

पावसाळ्याची वेगळी तयारी

वर्षभर राखलेली कंबर जून ते सप्टेंबरमध्ये सुटते, आणि त्याला कारणं आहेत. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिकी बोटींना मासेमारीबंदी, ताजं नुस्तं महाग. मग श्रावण, अनेक घरांत चवथीपर्यंत शिवराक. बाहेर धो धो पाऊस, चालणं बंद. त्या पावसात संध्याकाळी भजी हवीतच. आणि शेवटी नेवऱ्या, पातोळ्या, मोदक, लाडू, प्रत्येक नातलगाच्या घरी.

म्हणून मे संपायच्या आतच घरच्या वजनांची सोय करून ठेवा. चालण्याच्या जागी जिना, दोरीवरच्या उड्या किंवा व्हरांड्यातल्या फेऱ्या धरा. सोया, पनीर, अळसांदे, चणे यांचा साठा करा. अंडी खाणाऱ्यांनी बंदीच्या दोन महिन्यांत अंड्यांवर भर द्यावा. या चार महिन्यांत कंबर आहे तिथे राखली तरी ते यशच समजा. चवथीच्या चार दिवसांत वही बंद ठेवा, नेवऱ्या खा. फक्त त्या नंतरच्या पंधरवड्यात डब्यात उरू देऊ नका, वाटून टाका.

तरी हललं नाही तर

महिनाभर कंबर आणि वजनाची सरासरी दोन्ही जागच्या जागी असतील, तर आधी पुन्हा आठवडाभर कडक वही लिहा. बहुतेकदा तिथेच सापडतं, कारण मापं हळूहळू सैल झालेली असतात. शिवाय पाच-सहा किलो उतरलेलं शरीर पूर्वीपेक्षा कमी खर्च करतं, त्यामुळे जुनी तूट आपोआप मिटलेली असते. तेव्हा भाताची अर्धी वाटी किंवा एक पाव आणखी कमी करा, किंवा दीड-दोन हजार पावलं वाढवा. दोन्ही एकदम नको. तीन महिने सलग तुटीत असाल आणि चिडचिड, थंडी वाजणं, झोपमोड सुरू झाली असेल तर दोन आठवडे पोटभर, पण वहीतलं, जेवा आणि मग पुन्हा सुरू करा.

वही चोख, वजनं चालू, झोप पुरेशी, आणि तरीही काही हलत नसेल तर तपासणी करून घ्या. थायरॉइडसाठी टीएसएच, उपाशीपोटीची साखर आणि एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी), लिपिड, यकृताच्या चाचण्या. बायकांची पाळी अनियमित असेल, चेहऱ्यावर लव वाढली असेल तर पीसीओएसचा (बीजाशयाशी निगडित हार्मोनच्या विकाराचा) विचार व्हायला हवा. दोन्ही पाय सारखेच जाड, दाबल्यावर दुखणारे, पटकन काळेनिळे पडणारे आणि पावलं मात्र बारीक, असं असेल तर तो लिपेडिमा असू शकतो, आणि त्यात डाएटला दोष देऊन उपयोग नाही. स्टेरॉइड, इन्सुलिन, मानसिक आजारांवरची आणि फिट्सवरची काही औषधं वजन वाढवतात. ती मनाने बंद करायची नाहीत, पर्याय आहे का ते डॉक्टरांना विचारायचं. गोव्यात तर साखरेची चाचणी चाळिशीची वाट न पाहता करावी. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीचे निकाल २०२३ साली आले, त्यात मधुमेहाचं प्रमाण सगळ्यात जास्त गोव्यात होतं, २६.४ टक्के. जवळचं आरोग्य केंद्र पुरेसं आहे, आणि तिथून गरज पडली तर बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) पाठवतातच.

सेमाग्लुटाइड आणि टिरझेपटाइड ही वजन उतरवण्याची इंजेक्शनं २०२५ पासून भारतात मिळू लागली आहेत. ती काम करतात, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि ज्यांना खरी गरज आहे त्यांच्यासाठी. त्यांवर असतानाही प्रथिनं आणि वजनं सोडली तर स्नायू जातातच. शेवटची चार सेंटीमीटर उतरवायला फार्मसीतून गुपचूप आणायची ही गोष्ट नाही.

त्या शेवटच्या चार सेंटीमीटरबद्दल एक विचार करून ठेवा. कंबर उंचीच्या निम्म्याखाली आली, साखर-रक्तदाब ठीक आहेत, आणि तरी मांड्यांवर किंवा बेंबीखाली थोडं उरलंय, तर ते तब्येतीला फारसं नडत नाही. ते काढायला आणखी कित्येक महिने कडक तूट लागते आणि माणूस घरच्यांना नकोसा होतो. मी असेन तर तिथे थांबेन. थांबायचं म्हणजे जुन्या ताटाकडे परत जाणं नव्हे. आठवड्याला शंभर-दीडशे कॅलरी परत वाढवायच्या, आधी अर्धी वाटी भात, मग एखादं फळ, मग थोडं तेल, वजनाची सरासरी स्थिर होईपर्यंत. वजनं उचलणं आणि पावलं तशीच चालू. टेप महिन्याच्या पहिल्या तारखेला. आकडा दोन सेंटीमीटरने चढला की त्याच दिवसापासून पुन्हा पंधरा दिवस वही.